बर्फ न पडणाऱ्या राजधानीत हिवाळी ऑलिंपिक: बीजिंग २०२२ चं पाणी, हिम आणि वारा

उत्तरायण:

देशाच्या राजधानीत हिवाळी ऑलिंपिक भरल्याची उदाहरणं दोनच, ओस्लो १९५२ आणि बीजिंग २०२२. सारायेवो १९८४ साली युगोस्लाव्हियातल्या एका घटक प्रजासत्ताकाची राजधानी होतं, ते यात धरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ओस्लोचं समजू शकतं. शहराच्या डोक्यावरच होल्मेनकोलेनचा डोंगर आहे. बीजिंगचं कोडं मात्र सुटत नाही. थंडी कडाक्याची, पण हवा ठणठणीत कोरडी, हिवाळ्यात आभाळातून पडणारं काही जवळपास नाहीच. तरी ४ ते २० फेब्रुवारी २०२२ या काळात तिथे १०९ पदकस्पर्धा पार पडल्या.

विचारायचं आहे ते असं. जवळपास सगळं हिम यंत्राने बनवलं होतं, तर ते बनवतात नेमकं कसं? किती थंडी लागते, किती पाणी लागतं, आणि काम फसतं कुठे? दुसरं, शहरातल्या सभागृहांचं काय? पोहण्याच्या तलावावर कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ) आणि एकाच बर्फावर सकाळी फिगर स्केटिंग, रात्री शॉर्ट ट्रॅक (छोट्या मार्गावरची स्केटिंगची शर्यत), हे कसं जमवलं? आणि तिसरं, हिमही आपण बनवलेलं, बर्फही आपणच गोठवलेला, मग शर्यती पुढे ढकलायची वेळ का आली?

पदकतक्ता नको, तो सगळीकडे मिळतो. यंत्रं आणि आकडे ज्यांना कळतात त्यांनी सवडीने लिहावं.

हिमवाट:

पहिल्या प्रश्नावर लिहितो. त्याआधी भूगोल, कारण तो डोक्यात नसेल तर पुढचं काहीच जुळणार नाही. बीजिंग २०२२ म्हणजे तीन वेगळी ठिकाणं होती. बर्फावरचे खेळ मुख्य शहरात. अल्पाइन स्कीइंग (डोंगरउतारावरून वेगात उतरण्याच्या शर्यती) आणि बॉबस्ले, ल्यूज, स्केलेटन हे घसरगुंडीचे प्रकार यानछिंग जिल्ह्यात, शहराच्या वायव्येला साधारण ७५ किमीवर. उरलेलं स्कीइंग, बरंचसं स्नोबोर्डिंग, बायथलॉन आणि स्की जंपिंग हेबेई प्रांतात झांगजियाकोऊकडे, साधारण १८० किमीवर. खुद्द शहरात हिमावरचा प्रकार एकच झाला, बिग एअर, तोही शौगांगच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या शीतकरण मनोऱ्यांच्या सावलीत. या तिन्ही जागा २०१९ च्या डिसेंबरअखेर सुरू झालेल्या १७४ किमीच्या जलदगती रेल्वेने जोडल्या. ती नसती तर हा आराखडा कागदावरच राहिला असता.

आता हिम. यंत्राने हिम बनवताना थर्मामीटरवरचं साधं तापमान बघून चालत नाही, वेट बल्ब तापमान बघावं लागतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर जो आकडा येतो तो. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी कोरड्या उन्हाळ्यात जास्त गार होतं आणि पावसाळ्यात होत नाही, तेच हे तत्त्व. उदाहरण घ्या. हवेचं तापमान ० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब उणे ४.५ च्या आसपास येतो, म्हणजे काम सुरू करता येतं. तेच ० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर वेट बल्ब उणे १ च्याही वरच राहतो आणि स्नो गनमधून, म्हणजे हिम फवारणाऱ्या यंत्रातून, नुसतं पाणी पडतं. सुरुवात करायला साधारण उणे २.५ वेट बल्ब लागतो, चांगला माल उणे ५ च्या खाली मिळतो. तेव्हा बीजिंगची हवा कोरडी होती हे तुम्ही अडचण म्हणून मांडलंत, पण हिम बनवणाऱ्याच्या दृष्टीने तीच तिथली सगळ्यात मोठी सोय होती.

यंत्रणेचे भाग क्रमाने सांगतो: जलाशय, पंपघर, पाणी गार करणारा टॉवर, डोंगरात पुरलेली दाबाची नळवाहिनी, ठरावीक अंतरावर हायड्रंट (पाणी घ्यायची तोटी), आणि त्याला जोडलेली स्नो गन. पंख्याच्या गनमध्ये पुढे नोझलांची, म्हणजे फवाऱ्याच्या बारीक तोंडांची, कडी असते आणि मागे मोठा पंखा. बहुतेक नोझलं फक्त पाण्याचे सूक्ष्म थेंब सोडतात. मोजकी काही पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र सोडतात. ही हवा बाहेर येताच प्रसरण पावते, एकदम गार होते आणि त्यातून बर्फाचे बारीक कण तयार होतात. हे कण म्हणजे बी. बाकीच्या थेंबांना त्यांचा स्पर्श झाला की ते गोठायला लागतात. बी नसेल तर शुद्ध पाण्याचा थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहू शकतो आणि जमिनीवर आपटून बर्फाचा थर करतो.

थेंबाला हवेत मिळतात ते काही सेकंद. तेवढ्यात तो पूर्ण गोठला पाहिजे. म्हणून पाणी गनपाशी पोचतानाच १-२ अंशांवर असावं लागतं. जलाशयाच्या तळातून ५-६ अंशांचं पाणी आलं तर थंडी जेमतेम पुरेशी असताना उत्पादन बरंच घटतं, टॉवर त्यासाठीच.

दाबाचा हिशेब तर फार महत्त्वाचा. पाणी दर १० मीटर वर चढवायला १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब खर्च होतो. यानछिंगच्या श्याओहाइतुओ डोंगरावर डाउनहिल या सगळ्यात वेगवान शर्यतीच्या मार्गाची वरपासून खालपर्यंतची उंची जवळपास ९०० मीटर आहे. म्हणजे नुसतं वर पोचायलाच ९० बार गेले, शिवाय नोझलपाशी २० ते ४० बार हवाच. एका दमात एवढा दाब दिला तर खालच्या हायड्रंटवर तो असह्य होतो. म्हणून टप्प्याटप्प्याने पंपघरं आणि मधे टाक्या बांधाव्या लागतात. एखादा टप्पा बंद पडला तर त्याच्या वरच्या नळ्या तासाभरात रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर पाणी आतच गोठून नळी फुटते. खडकाळ डोंगरात पुरलेली नळी हिवाळ्यात उकरून दुरुस्त करणं जवळपास अशक्य.

पाणी किती? यंत्राचं ताजं हिम घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतं, निसर्गाचं ताजं हिम १०० किलो किंवा त्याहूनही कमी. ५०० मीटर लांब, ४० मीटर रुंद स्लालमचा (खांबांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीचा) उतार घ्या, हिमाची जाडी ६० सेंमी. १२,००० घनमीटर हिम झालं. ४५० किलोने गुणा, ५,४०० घनमीटर म्हणजे ५४ लाख लिटर पाणी. वाऱ्याने उडणारं आणि बाष्प होणारं धरून पाचव्या हिश्शाने वाढवा, ६५ लाख लिटर. हा एक छोटा उतार झाला. पाण्याची चणचण असलेल्या भागात ही मागणी उभी राहिली, त्यात यानछिंगची जागा सोंगशान अभयारण्याला खेटून, ज्याच्या हद्दी या कामासाठी बदलाव्या लागल्या. थंडी फुकट मिळाली, पाणी मिळालं नाही. टीका करायची तर हिम नकली होतं यावर करू नये, या पाण्यावर आणि त्या जंगलावर करावी.

शेवटचं, पण फसतं ते बहुतेक इथेच. गनमधून पडलेलं हिम लगेच पसरायचं नसतं. त्याचे ढीग एक-दोन दिवस तसेच ठेवतात, म्हणजे आतलं न गोठलेलं पाणी निचरतं किंवा गोठून घेतं. घाई करून ग्रूमर (हिम दाबून सपाट करणारं वाहन) फिरवला तर ओला माल दाबला जातो आणि रात्रीत त्याचे विटेसारखे गोळे होतात. मग शर्यतीपर्यंत ते दळत बसा.

उत्तरायण:

फारच नेमकं. एक उपप्रश्न. घनमीटरला ४५० किलो म्हणजे हे हिम आधीच चांगलं टणक झालं. मग शर्यतीआधी उतारावर परत पाणी का मारतात? आणि मीठ टाकतात असंही ऐकलं आहे. मिठाने तर हिम वितळायला हवं.

टेलिमार्क:

दोन्ही खरं आहे, पण दोन्ही एकाच वेळी नाही.

पाणी मारण्याचं कारण शर्यतीच्या क्रमात आहे. जायंट स्लालममध्ये (मोठ्या वळणांच्या स्लालममध्ये) एकाच रेषेवरून ऐंशी-नव्वद जण जातात. प्रत्येक वळणावर स्कीची धार तिथेच रुतते. पृष्ठभाग नुसता दाबलेल्या हिमाचा असेल तर दहाव्या-पंधराव्या स्पर्धकापर्यंत वळणाला खड्डा पडतो आणि चाळिसाव्याला तो खड्डा चुकवत उतरावं लागतं. शर्यत न्याय्य राहत नाही आणि गुडघेही जातात. बीजिंगला पुरुषांच्या जायंट स्लालममध्ये भारताचा आरिफ खान ४५ वा आला. इतक्या मागून निघणाऱ्यासाठी पृष्ठभाग टिकणं म्हणजे काय, ते यावरून लक्षात घ्या.

यासाठी इंजेक्शन बार वापरतात. काही मीटर लांबीचा पाइप, त्याला ओळीने बारीक नोझलं. तो हिमावर टेकवून दाबाचं पाणी थेट आत सोडतात, मग हातभर पुढे सरकवून पुन्हा. पाणी वरून शिंपडलं तर वरच पापुद्रा धरतो. ते आत २०-३० सेंमीपर्यंत शिरून कणाकणांमध्ये गोठलं पाहिजे. फसण्याच्या दोन तऱ्हा. पाणी जास्त झालं तर निळा पारदर्शक बर्फ तयार होतो, त्यावर धार धरतच नाही. कमी झालं, किंवा हिम उणे १५-२० इतकं गार असल्यामुळे पाणी शिरण्याआधीच गोठलं, तर वर कडक पापडी आणि खाली साखरेसारखं सुटं हिम राहतं. शर्यत सुरू झाली की पापडीचे तुकडे निघतात. यानछिंगची फेब्रुवारीतली कडक कोरडी थंडी या दुसऱ्या तऱ्हेकडे झुकणारी, म्हणून तिथे पाणी कधी आणि किती द्यायचं हे काम अनुभवी माणसांचं होतं. त्यात भर म्हणजे तिथे २०२० च्या फेब्रुवारीत ठरलेली विश्वचषकाची चाचणी शर्यत महासाथीमुळे रद्द झाली होती. ऑलिंपिकच्या आठवड्याआधी त्या उतारावर जगातल्या कुठल्याच अव्वल स्पर्धकाने शर्यत केलेली नव्हती.

मीठ हे उलट, उबदार दिवसाचं औषध. हिम ओलं आणि मऊ झालं असेल तरच ते चालतं. मीठ थोडं हिम वितळवतं, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हिमातूनच खेचली जाते आणि त्या गारव्याने बाकीचं पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट धरतात. बारीक मीठ लगेच काम करतं पण वरवर आणि थोडा वेळ, खडा मीठ सावकाश, खोल आणि जास्त वेळ. कोरड्या हिमावर टाकलं तर काहीच होत नाही, पाणीच नाही तर गोठणार काय? आणि हा उपाय काही तासांचा असतो. एकदा ताकद संपली की उतार आधीपेक्षा वाईट होतो, म्हणून पहिली फेरी कधी सुटणार ते पक्कं ठरल्याशिवाय पोत्याला हात लावू नये.

मिठाचं खरं मैदान बघायचं तर दुसऱ्या राजधानीकडे जावं लागेल, क्रोएशियाच्या झाग्रेबकडे. शहराला लागून मेदवेदनित्सा डोंगर, त्याचं स्ल्येमे शिखर जेमतेम १०३० मीटरचं. तिथे २००५ पासून महिलांची आणि २००८ पासून पुरुषांची विश्वचषक स्लालम बहुतेक वेळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होत असे. ऑलिंपिकविजेत्या स्कीपटू यानिका कोस्तेलिचचं गाव म्हणून प्रेक्षक तुडुंब. पण उंची कमी, हवा दमट, आणि डिसेंबरअखेर पाऊस आला की बनवलेलं हिम आतून भिजतं. जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे बीजिंगच्या महिनाभर आधी, पुरुषांची शर्यत पहिल्याच फेरीत थांबवून रद्द करावी लागली, कारण पृष्ठभाग स्कीखाली तुटायला लागला होता. थर्मामीटरवर दोन्ही राजधान्यांत शून्य असलं तरी झाग्रेबची दमट रात्र आणि बीजिंगची कोरडी रात्र यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शीतयंत्र:

हिमाचं वरच्या दोघांनी उत्तम लिहिलं आहे. मी शहरातल्या बर्फावर येतो. इथे थंडी बाहेरून येत नाही, खालून येते. काँक्रीटच्या लादीत नळ्या, नळ्यांत थंड द्रव, लादीखाली उष्णतारोधक थर, आणि त्याच्याही खाली जमीन किंचित उबदार ठेवणाऱ्या नळ्या. हा शेवटचा थर विसरला तर काही हंगामांत खालची माती गोठून फुगते आणि लादी उचलून तडकवते. रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, मरण बहुतेक वेळा असंच येतं, आणि तेव्हा सगळं फोडून नव्याने करण्याशिवाय इलाज नसतो.

बर्फ एकदम ओतून करत नाहीत. लादी उणे ९-१० अंशांवर आणायची. पहिले काही थर फवाऱ्याने, धुकं बसावं तसे. मग पांढरा रंग, तोही पातळ. तो बंदिस्त करायला पुन्हा फवारा, मग रेषा आणि चिन्हं, आणि त्यावर १-२ मिमीचे थर चढवत जायचे. ६० बाय ३० मीटरच्या रिंकला १ मिमी म्हणजे १,८०० लिटर, ३ सेंमी बर्फाला ५४,००० लिटर. पाणी क्षार काढलेलं. क्षार राहिले तर गोठताना ते वर ढकलले जातात आणि पृष्ठभाग चिकट होतो. नंतर डागडुजीला साधारण ६० अंशांचं गरम पाणी वापरतात, कारण त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते चऱ्यांमध्ये शिरून खालच्या बर्फाशी एकजीव होतं.

प्रत्येक खेळाला बर्फ वेगळा लागतो, शहरातल्या सभागृहांची खरी कसरत हीच. फिगर स्केटिंगला पृष्ठभाग उणे ३-४ अंश आणि जाडी ४-५ सेंमी, कारण उडीआधी बुटाच्या टोकाचे दाते आत रोवले जातात. बर्फ फार गार असेल तर ठिसूळ होऊन टवके उडतात. शॉर्ट ट्रॅकला जास्त गार आणि टणक, नाहीतर वळणावर धार आत शिरून पाय निसटतो. बीजिंगच्या कॅपिटल इनडोअर स्टेडियममध्ये, १९६८ च्या इमारतीत, हे दोन्ही एकाच बर्फावर होते. ७ फेब्रुवारीला सकाळी फिगरची सांघिक अंतिम फेरी आणि संध्याकाळी शॉर्ट ट्रॅक. मधल्या वेळात आधी दातांनी पडलेली भोकं हाताने बुजवायची. बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून भोकात दाबायचं, गोठू द्यायचं, मग यंत्र फिरवायचं. भोक राहिलं तर त्यात शॉर्ट ट्रॅकची लांब धार अडकते आणि ताशी ४० किमीच्या पुढच्या वेगात माणूस कठड्यावर जातो. सोबत लादीचं तापमान खाली आणायचं. ५ सेंमी बर्फ हा स्वतःच उष्णतारोधक, त्यामुळे खाली केलेला बदल वर पोचायला वेळ लागतो. शीतयंत्रवाला घड्याळाच्या पुढे असावा लागतो, बर्फ मऊ पडल्याचं दिसल्यावर हालचाल करून उपयोग नाही.

शॉर्ट ट्रॅकची एक गंमत दूरचित्रवाणीवर दिसते पण कळत नाही. दोन शर्यतींमध्ये वळणावरचे काळे ठोकळे उचलून थोडे सरकवतात. १११.१२ मीटरचा मार्ग तेवढाच राहतो, पण झिजलेल्या रेषेवरून पुढची शर्यत जात नाही. आणि वळणांवर बादल्यांनी पाणी मारतात, ते चरे भरायला.

४०० मीटरच्या स्पीड स्केटिंगसाठी नवं सभागृह बांधलं, आइस रिबन, ऑलिंपिक २००८ च्या हॉकी आणि तिरंदाजीच्या जागेवर. तिथला बर्फ जवळपास १२,००० चौरस मीटरचा. अडीच सेंमी जाडी धरली तर ३ लाख लिटर पाणी. एवढ्या पसाऱ्यात अडचण समान तापमानाची. ग्लायकॉलसारखा द्रव नळीतून फिरताना गरम होत जातो, म्हणजे नळी सुरू होते तिथे बर्फ जास्त गार आणि संपते तिथे कमी. आइस रिबनमध्ये थेट द्रवरूप कार्बन डायऑक्साइड नळ्यांत सोडला. तो उष्णता घेताना तापत नाही, तिथल्या तिथे उकळून वायू होतो, त्यामुळे अख्ख्या पृष्ठभागावरचा फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवता आला. बदल्यात नळ्या आणि जोड वीसेक बारपेक्षा जास्त दाब सोसणारे लागतात, आणि दाबयंत्रातून बाहेर पडणारी उष्णता बरीच, जी डागडुजीचं पाणी तापवायला वापरली. नवनवे विक्रम बघायची सवय आहे ती सॉल्ट लेक आणि कॅल्गरीच्या उंचावरच्या विरळ हवेत. बीजिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० मीटरवर. तरी ११ फेब्रुवारीला स्वीडनच्या निल्स व्हान डर पूलने १०,००० मीटरचा जागतिक विक्रम १२ मिनिटं ३०.७४ सेकंदांवर आणला. त्या माणसाची तयारी अफाट होतीच, पण असा विक्रम वाईट बर्फावर होत नाही.

दवबिंदू:

तलावावरच्या कर्लिंगचं राहिलं, म्हणून तेवढं लिहिते. वॉटर क्यूब या पोहण्याच्या सभागृहातला तलाव रिकामा करून तळावर पोलादी सांगाडा आणि त्यावर काँक्रीटच्या तयार लाद्या बसवल्या, वर चार कर्लिंग पट्ट्या. जगात कर्लिंगइतका नाजूक बर्फ दुसऱ्या कशाला लागत नाही. ४५ मीटर लांबीच्या पट्टीवर सतरा ते वीस किलोचा दगड सावकाश जातो, वाटेत एखादा मिलिमीटरचा चढउतार आला तरी तो वळतो. पोलादी सांगाड्यावरची लादी जमिनीवरच्या लादीसारखी स्थिर नसते, चालण्या-फिरण्याने कंप पावते. म्हणून आधी सांगाडा समतल आणि ताठ करायचा, मगच पाणी घालायचं. बर्फाने समतलपणा आणता येतो असं समजून खाली ढिलाई केली तर कुठे ३ सेंमी, कुठे ५ सेंमी जाडी होते, आणि जाड भागाचा पृष्ठभाग नेहमी थोडा उबदार राहतो.

वरून बर्फ गुळगुळीत ठेवत नाहीत. पाठीवरच्या टाकीतून कोमट, क्षारमुक्त पाण्याचे थेंब चालत चालत शिंपडतात, ते गोठून बारीक दाणे होतात, मग पात्याने दाण्यांची टोकं एकसारखी छाटतात. दगड या दाण्यांवरून सरकतो. दाणे झिजले की दगड लवकर थांबतो, म्हणून प्रत्येक सामन्याआधी हे सगळं नव्याने.

खरा शत्रू दमटपणा. बर्फाचा पृष्ठभाग उणे ४-५ अंशांवर असतो. सभागृहात हवा १० अंशांवर आणि आर्द्रता ३५-४० टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतलं बाष्प दाण्यांवर दहिवर म्हणून बसायला लागतं. दगड मधेच मंदावतो, आणि खेळाडू दगडापुढचा बर्फ कितीही घासो, अंदाज चुकतच राहतो. प्रेक्षक हा दमटपणाचा मोठा कारखाना. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, १२,००० माणसं म्हणजे १२ लाख वॅट, वर प्रत्येकाच्या श्वासातलं पाणी वेगळं. बीजिंगमध्ये महासाथीमुळे तिकिटं खुली विकली नव्हती, प्रेक्षक मोजके. बर्फवाल्यांचा भार त्यामुळे हलका झाला, हे कटू असलं तरी खरं आहे. ज्या सभागृहाची हवा कोरडी करणारी यंत्रणा तलावासाठी बांधलेली असते ती २५-३० अंशांच्या हवेसाठी असते. ती १० अंशांवर नीट चालत नाही, गार हवेसाठी वेगळी यंत्रणा घालावीच लागते.

टेलिमार्क:

तिसरा प्रश्न राहिला, शर्यती पुढे का ढकलल्या. उत्तर एका शब्दात, वारा. हिम आणि बर्फ आपण बनवला तरी वाऱ्यावर हात चालत नाही. पुरुषांची डाउनहिल ६ फेब्रुवारीची, ती ७ ला झाली. शिखराजवळ झोत असे येत होते की ताशी १२०-१३० किमी वेगाने हवेत झेपावलेला माणूस कुठे उतरेल याचा भरवसा नाही. १९ तारखेची पुरुषांची ५० किमी क्रॉस-कंट्री तासभर उशिरा सुटली आणि २८ किमीच्या आसपास आखडती घेतली, कारण थंडी आणि वारा एकत्र येऊन उघड्या चेहऱ्याची कातडी गोठण्याची भीती. क्रॉस-कंट्रीत मार्गावरच्या सगळ्यात गार जागी उणे २० च्या खाली पारा गेला तर शर्यत घेत नाहीत, पण वाऱ्याचा बोचरेपणा त्या आकड्यात येत नाही, तो पंचांना वेगळा तोलावा लागतो. आणि १३ फेब्रुवारीला खरंखुरं हिम कोसळलं तेव्हा तेच अडथळा ठरलं. बनवलेल्या टणक पृष्ठभागावर मऊ थर साचला, दिसेनासं झालं, महिलांचा डाउनहिलचा सराव रद्द करावा लागला.

स्की जंपिंगमध्ये वाऱ्यासाठी गुणच ठेवले आहेत. समोरून वारा आला तर उडी लांबते म्हणून गुण वजा, पाठीमागून आला तर अधिक, उडीआधी बसायचा दांडा खालीवर केला तर त्याचेही वेगळे. उतारालगत वेगवेगळ्या जागी वारामापक असतात आणि ठरवलेल्या पट्ट्याबाहेर वारा गेला की दिवा लाल राहतो. पण हे गुण सरासरी वाऱ्याचे असतात. उडीच्या शेवटच्या टप्प्यात अचानक बगलेतून आलेल्या झोताची भरपाई त्यातून होत नाही. म्हणून वाऱ्यापासून आडोसा बांधणं हाच खरा उपाय. ओस्लोने २०१० साली होल्मेनकोलेनची टेकडी पोलादात नव्याने उभारली तेव्हा आडोशाच्या भिंती मूळ रचनेतच घातल्या. धुक्यावर मात्र त्यांच्याकडेही उत्तर नाही, फ्योर्डवरून, म्हणजे आत घुसलेल्या समुद्राच्या खाडीवरून, ढग वर सरकला की माथा गायब.

उत्तरायण, ओस्लोबद्दल तुम्ही धरून चाललात की तिथे हिम असतंच. १९५२ ला तसं झालं नव्हतं. होल्मेनकोलेनला लाखाहून जास्त लोक उडी बघायला जमले, स्लालम शहराजवळच्या रोदक्लाइव्हाला झाली, पण डाउनहिल आणि जायंट स्लालमला पुरेसा उंच डोंगर शहरापाशी नव्हता. त्या शंभरेक किलोमीटरवरच्या नोरेफ्येलला न्याव्या लागल्या, आणि तिथेच हिम कमी पडलं. सैनिकांनी ते आणून उतारावर दाबलं. म्हणजे बीजिंगच्या सत्तर वर्षं आधीही राजधानीला अल्पाइनसाठी बाहेर जावं लागलं आणि हिम वाहून आणावंच लागलं. स्पीड स्केटिंग बिस्लेटच्या उघड्या मैदानावर, थंडीनेच गोठलेल्या पाण्यावर. यंत्राने गोठवलेला बर्फ होता तो १९५१ च्या योर्दाल आम्फीत, आइस हॉकीसाठी. बॉबस्लेची वाट तर हंगामापुरती, हिम आणि पाण्यानेच बांधलेली. तिथे जर्मनीच्या चौघांचं एकत्रित वजन ४७० किलोंच्या पुढे होतं, ते उताराला सरळ फायद्याचं ठरलं, आणि पुढे वजनाची मर्यादा आली.

उत्तरायण:

सगळ्यांचे आभार. नोरेफ्येलची माहिती नवी होती. एकच शेवटचं: मार्चमधल्या पॅरालिंपिकला तीच यंत्रणा, तोच उतार, मग त्या वेळी काय बदललं?

हिमवाट:

ऊन बदललं. पॅरालिंपिक ४ ते १३ मार्चला होती. तोवर दुपारचा पारा शून्याच्या बराच वर, आणि मार्चचं ऊन फेब्रुवारीपेक्षा उभं. अल्पाइनच्या शर्यतींचं वेळापत्रक अलीकडे ओढावं लागलं. नवीन हिम बनवून त्यावर मात करता येत नाही, कारण रात्री बनवलेलं दुपारपर्यंत वरून ओलं होतं. हातात असतं ते एवढंच: शर्यत सकाळी लवकर घ्यायची, उतारावर ग्रूमर संध्याकाळीच फिरवून ठेवायचा म्हणजे निरभ्र रात्रीत पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते आणि तो कडक होतो, आणि सूर्य थेट येतो त्या वळणांवर टेलिमार्क यांनी सांगितलेलं खडा मीठ. पहाटे ढग आले तर मात्र रात्रीचा गारवा मिळत नाही, अशा दिवशी पहिल्या वीस स्पर्धकांनंतर पृष्ठभाग बघून पंचांनी निर्णय घ्यायचा असतो. बसून खेळणाऱ्यांच्या एकाच स्कीवर अख्ख्या शरीराचा आणि खुर्चीचा भार असतो, त्यामुळे मऊ हिमात त्यांची घळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल पडते.